पहारेकऱ्याची हाक : इंटरफेरॉन आणि एचआयव्ही

(जागतिक एड्स दिनानिमित्त आरोग्य कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



एचआयव्हीची बाधा झाल्याचे कळलेला रुग्ण आपल्यासमोर बसतो, तेव्हा त्याची एक मागणी ठरलेली असते : "माझी प्रतिकारशक्ती वाढेल असे काहीतरी द्या." या मागणीत गैर काही नाही. हा रोग प्रतिकारशक्तीचा ऱ्हास करतो, हे आपणच त्याला सांगितलेले असते. परंतु या मागणीवर चूर्णे, काढे आणि टॉनिके विकून पोट भरणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या नादी लागून रुग्ण सहा महिने, वर्षभर घालवतो आणि मग खंगलेल्या अवस्थेत केंद्रात येतो. म्हणून प्रतिकारशक्ती वाढविणे म्हणजे नेमके काय, हे आज मी इंटरफेरॉन या एका द्रव्याच्या आधारे सांगणार आहे.

अंड्यातून लागलेला शोध

१९५७ साली लंडनमधील मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडनमन या शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भावरणाचे तुकडे घेतले आणि उष्णतेने निष्क्रिय केलेले इन्फ्लुएन्झाचे विषाणू त्यांच्यावर सोडले. नंतर भोवतालचा द्रव काढून त्यात ताजे तुकडे ठेवले. या ताज्या तुकड्यांत जिवंत विषाणूंची वाढ होईना. पेशींनीच एक द्रव्य स्रवले होते. विषाणूच्या कामात व्यत्यय आणणारे, या अर्थाने त्याला इंटरफेरॉन हे नाव मिळाले.

त्याचे कार्य गावच्या पहारेकऱ्यासारखे आहे. चोर शिरल्याचे दिसताच पहारेकरी हाक देतो आणि घरोघरी कड्या लागतात. बाधित पेशीने सोडलेले इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना सावध करते व त्यांच्यातील शेकडो जनुके कामाला लागतात. टेथेरिन नावाचे प्रथिन नव्याने तयार झालेल्या विषाणूंना पेशीच्या पृष्ठभागालाच जखडून ठेवते. दुसरे एक प्रथिन विषाणूच्या जनुकीय मजकुरात इतक्या चुका घालते, की तो निरुपयोगी व्हावा. एचआयव्हीही स्वस्थ बसत नाही. त्याचे व्हीपीयू हे प्रथिन टेथेरिनची पकड सोडविते, तर व्हिफ हे प्रथिन चुका घालणाऱ्याचाच नाश घडवून आणते.

दोन माकडांची साक्ष

पश्चिम आफ्रिकेतील सूटी मँगबे जातीच्या माकडांना एचआयव्हीच्या कुळातील एसआयव्ही या विषाणूची बाधा होते. त्यांच्या रक्तात विषाणू विपुल असतात, तरीही त्यांना एड्स सहसा होत नाही. तोच विषाणू ऱ्हीसस माकडाच्या, म्हणजे उत्तर भारतात देवळांच्या आवारात दिसणाऱ्या लाल तोंडाच्या माकडाच्या, शरीरात गेला तर ते एड्सने मरते. असे का व्हावे?

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचे मार्मिक उत्तर दिले. इंटरफेरॉनची हाक दोन्ही माकडांत उठते. परंतु मँगबेमध्ये ती काही आठवड्यांत शांत होते, तर ऱ्हीससमध्ये उठतच राहते. रात्रंदिवस हाका सुरू राहिल्या तर गाव जागरणाने थकून जाईल. शरीरात तेच घडते. सतत चेतविलेल्या सीडी-४ पेशी थकतात, मरतात आणि विषाणूला वाढीसाठी ज्या चेतविलेल्या पेशी हव्या असतात, त्याही त्याला आयत्या मिळतात. माणसाची स्थिती, दुर्दैवाने, ऱ्हीससच्या जवळची आहे.

मग ही हाक बंदच करावी काय? २०१४ साली ऱ्हीसस माकडांवरील प्रयोगात संसर्गाच्या आरंभीच इंटरफेरॉनचा मार्ग रोखला, तेव्हा रोग अधिक वेगाने बळावला. उलट, आधीपासून इंटरफेरॉन दिले असता संसर्ग जडण्यास प्रारंभी अडथळा आला. मात्र ते देत राहिल्यावर पेशी त्या हाकेला ओ देईनाशा झाल्या आणि सीडी-४ पेशींची हानी वाढली. सारांश असा, की योग्य वेळी तारणारे द्रव्यच अवेळी घातक ठरते.

केनियाचा धडा

१९९० साली केनियात 'केमरॉन' या नावाने अत्यल्प मात्रेचे, तोंडात विरघळणारे इंटरफेरॉन एड्सवरील प्रभावी औषध म्हणून पुढे आले. त्या काळी या रोगावर उपाय जवळजवळ नव्हताच. देशोदेशीच्या रुग्णांच्या आशा पल्लवित झाल्या. पुढे युगांडात व अन्यत्र नियंत्रित चाचण्या झाल्या आणि त्यांत लाभ आढळला नाही. आशा खरी होती, पुरावा नव्हता. प्रतिकारशक्तीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीसमोर हा प्रसंग आठवावा.

संशोधन अर्थातच थांबलेले नाही. दीर्घकाळ टिकणारे इंटरफेरॉन देऊन औषधे थांबविल्यावरही विषाणू दबून राहतो का, हे काही रुग्णांत तपासले गेले. उलट, मानवी पेशी रोपलेल्या उंदरांत औषधोपचार चालू असताना इंटरफेरॉनचा मार्ग रोखल्याने लपलेल्या विषाणूंचा साठा घटल्याचे २०१७ साली दिसून आले. परंतु यांपैकी कोणताही मार्ग एचआयव्हीच्या नित्य उपचाराचा भाग झालेला नाही.

आपले कर्तव्य

मग रुग्णाच्या मागणीला उत्तर काय द्यावे? चोर जेरबंद झाला की पहारेकऱ्याला ओरडावे लागत नाही. एआरटी औषधे विषाणूची वाढ रोखतात. त्यामुळे हाक बरीचशी निवते आणि सीडी-४ पेशी पुन्हा वाढू लागतात. उपचारास जितका विलंब, तितकी ही झीज अधिक आणि भरून येण्यास कठीण. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून ही औषधे शासनातर्फे मोफत देण्यास प्रारंभ झाला आणि २०१७ पासून सीडी-४ची संख्या कितीही असली तरी, निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण स्वीकारले गेले. नियमित औषधांनी रक्तातील विषाणू चाचणीत न आढळण्याइतके कमी राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही, हेही आता सिद्ध झाले आहे.

तेव्हा तो रुग्ण पुन्हा समोर बसेल आणि तीच मागणी करील, तेव्हा त्याला सांगा : "तुझी प्रतिकारशक्ती आळशी नाही, ती अहोरात्र राबून दमली आहे. तिला विसावा हवा, आणि तो या गोळ्यांनी मिळेल. आजच सुरू कर, आणि एकही दिवस चुकवू नकोस." एवढे त्याच्या मनावर बिंबले, तर माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.