काकू आणि मावशी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



कॅनडातील कवयित्री व कादंबरीकार जॉय कोगावा यांच्याविषयी मी आज चार शब्द सांगणार आहे. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीचे नाव 'ओबासान'. आपण काकू, मावशी, आत्या अशी निरनिराळी नावे देतो, त्या साऱ्या नात्यांना जपानीत हा एकच शब्द पुरतो.

जॉयबाईंचा जन्म १९३५ साली व्हँकूव्हर शहरी झाला. घराणे मूळचे जपानी. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि कॅनडा सरकारने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे २२ हजार लोकांना घराबाहेर काढले. त्यांतील बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते! सहा-सात वर्षांची जॉय आईवडिलांबरोबर डोंगरातील स्लोकन गावी गेली. मागे राहिलेली घरे, शेते, मासेमारीच्या होड्या सरकारने परस्पर विकल्या. युद्ध संपले तरी किनाऱ्यावर परतण्याची बंदी १९४९ पर्यंत उठली नाही. जॉयचे कुटुंब अल्बर्टा प्रांतातील कोलडेल येथे राहू लागले.

जॉयबाई प्रथम कविताच लिहीत. त्यांचा 'अ चॉइस ऑफ ड्रीम्स' हा संग्रह १९७४ चा. 'ओबासान' आली १९८१ साली, चाळिशी उलटून गेल्यावर.

कादंबरीतील नाओमी ही शिक्षिका आहे. तिला वाढवले काकूने. काकू घरातला चिंधीतुकडाही जपून ठेवते, पण झाल्या अन्यायाबद्दल चकार शब्द काढत नाही. एमिली मावशी अगदी उलट: सभांना जाते, अर्ज लिहिते, जुनी पत्रे व रोजनिशी भाचीपुढे आणून ठेवते. नाओमीची आई युद्धापूर्वी जपानला गेली होती. ती नागासाकीच्या अणुबाँबमध्ये सापडली. मुलांना दुःख नको म्हणून वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट वर्षानुवर्षे लपवली, आणि आई आपल्याला का विसरली, हे कोडे उराशी घेऊन नाओमी मोठी झाली. मायेपोटी पाळलेले मौनसुद्धा लेकराला किती सलते, हे येथे दिसते. तरी लेखिकेने काकूला कोठेही कमी लेखलेले नाही. घर तगले ते काकूच्या हातांनी, हे ती जाणते.

मावशीची पत्रे सर्वस्वी कल्पित नाहीत. म्यूरिएल किटागावा या गृहिणीने त्या काळात आपल्या भावाला लिहिलेली पत्रे ओटावाच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात होती. जॉयबाईंना ती तेथे वाचायला मिळाली, आणि त्यांतून मावशी उभी राहिली. पुढे २२ सप्टेंबर १९८८ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत जपानी कॅनेडियनांची क्षमा मागितली, हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २१ हजार डॉलर देण्याचे जाहीर झाले, त्या प्रसंगी सभागृहात 'ओबासान'मधील उतारे वाचले गेले. संसारातल्या बाईने भावाला लिहिलेला मजकूर अखेर कोठवर पोहोचला, पाहा!

पण सरकारचा अन्याय सांगणे एक वेळ सोपे. १९९५ च्या 'द रेन असेंड्स' या कादंबरीत, धर्मोपदेशक असलेल्या आपल्या प्रिय वडिलांनी लहान मुलांवर अत्याचार केले होते, हे एका मुलीला कळते. ही व्यथा आपल्याच घरची असल्याचे जॉयबाईंनी पुढे २०१६ च्या 'जेंटली टू नागासाकी' या आत्मकथनात उघडपणे लिहिले. वडिलांवरची माया त्यांनी नाकारली नाही आणि त्यांचा अपराधही झाकला नाही. घराण्याचे नाव राखण्यासाठी गप्प बसायला आपणा बायकांना लहानपणापासून शिकवलेले असते. ते बंधन तोडताना त्यांना काय यातना झाल्या असतील, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

भगिनींनो, आपल्या प्रत्येकीच्या घरी एक काकू आहे. तिच्या ट्रंकेतली पत्रे रद्दीत जाण्यापूर्वी एकदा तिच्याजवळ बसून वाचा, आणि ती बोलू लागली तर तिला मध्येच थांबवू नका, एवढीच माझी विनंती आहे.