चिखलणी संपली, आता गिअरपेटीचे तेल बदला
(रेडिओवरील शेती कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



इगतपुरी, त्र्यंबक, पेठ भागातली भाताची आवणी उरकली, की चिखलणी करून दमलेले रोटाव्हेटर घरी परत येतात. आपल्या अंबडकडूनही काही जण यंत्र तिकडे भाड्याने पाठवतात. घरी आले की पाणी मारून चिखल काढायचा, पत्र्याखाली उभे करायचे, आणि छाटणीआधी द्राक्षबागेत शेणखत मिसळायची वेळ आली की पुन्हा जोडायचे. मधल्या दोन-तीन महिन्यांत गिअरपेटीत काय चालले आहे, ते कोणी बघत नाही. आज त्या पेटीबद्दलच बोलायचे आहे.

आमच्याकडच्या एका बागायतदारांचे यंत्र असेच उभे होते. जोडले आणि पहिल्याच तासात खरखर आवाज. मिस्त्रीने पेटी उघडली तर तेल ताकासारखे पांढरट, आणि बेअरिंगच्या रोळांवर गंजाचे ठिपके. ते म्हणाले, "साहेब, यंत्र तर चाललंच नाही, मग खराब कशानं झालं?" चालले नाही म्हणूनच झाले! चिखलणीत शिरलेले पाणी पेटीतच राहिले. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसते आणि लोखंडाला चिकटून महिनोन् महिने आपले काम करत राहते. बेअरिंग आणि दातेचक्र दोन्ही बदलावी लागली, आणि ऐन कामाचे आठ दिवस हातचे गेले.

म्हणून माझे सांगणे इतकेच आहे, की तेल पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला नव्हे, तर हा हंगाम संपताच, यंत्र उभे करण्यापूर्वी बदला. कोकणात लहान होड्यांच्या मागे बाहेरून जोडायची मोटर असते. तिची गिअरपेटी सारा वेळ पाण्याखालीच असते. तिच्याबाबतही हाच नियम आहे. मोटर उचलून ठेवायची तर आधी गिअरचे तेल बदलायचे. चिखलणीचा रोटाव्हेटर त्याच जातीचा समजा.

पाणी आत शिरते कसे? फिरत्या दांड्याभोवती रबराचे ऑइल सील असते. होडीच्या मोटरीला जाळ्याचा दोरा गुंडाळला जाऊन सील कापले जाते. आपल्याकडे तेच काम बागेतली सुतळी, तुटलेली ठिबकची नळी आणि बांधावरचे गवत करते. रोज काम संपल्यावर दांड्याच्या दोन्ही टोकांचा हा गुंता कोयत्याने काढून टाका. दुसरी वाट श्वासनळीची, म्हणजे पेटीवरच्या बारीक भोकाच्या बुचाची. हे भोक चिखलाने बुजले, की तापलेली पेटी थंड पाण्यात उतरताच आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. यंत्र धुतानाही जोराचा फवारा सीलवर धरू नका, आणि पेटी निवल्याशिवाय पाणी मारू नका.

आता तेल बदलायची रीत सांगतो. यंत्र सपाट जागी जमिनीवर टेकवून रात्रभर उभे ठेवा. सकाळी, ट्रॅक्टर सुरू न करता, खालचा ड्रेन प्लग पान्याने जरासा सैल करा. आधी पाण्याचे थेंब आले तर पाणी शिरले आहे, हे नक्की. ही परीक्षा थंड आणि निवांत पेटीवरच करायची. यंत्र फिरले की पाणी तेलात घुसळले जाते आणि वेगळे दिसत नाही, फक्त तेल दुधाळ होते. प्लग पुन्हा आवळा, पाच-दहा मिनिटे हलके फिरवून तेल कोमट करा, म्हणजे ते तळापर्यंत निथळते. मग इंजिन बंद, चावी खिशात. यंत्र उचलून त्याखाली हात घालायचा असेल तर लाकडी ठोकळे लावा, हायड्रॉलिकच्या भरवशावर राहू नका. खाली घमेले ठेवा, वरचे बूच उघडा आणि प्लग काढा.

प्लगच्या टोकाला लोहचुंबक असेल तर तो नीट बघा. बुक्क्यासारखी काळी, मऊ लुकण असेल तर काळजी नको, ती नेहमीची झीज. पण नखाला टोचणारे तुकडे किंवा कपच्या दिसल्या तर नवे तेल ओतू नका, आधी पेटी उघडून घ्या.

तेल दुधाळ निघाले तर गळके सील आधी बदला. ते न बदलता नवे तेल भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. मग त्याच नंबरचे थोडे तेल घालून दोन मिनिटे फिरवा, तेही काढून टाका, आणि मगच पुरे भरा. डिझेलने धुऊन तसेच ठेवू नका, उरलेले डिझेल नवे तेल पातळ करते.

तेल कोणते? बहुतेक यंत्रांना ९० नंबरचे गिअर तेल लागते, काहींना १४०. यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तकात पाहा. इंजिनचे उरलेले तेल इथे चालवू नका. गिअरच्या दात्यांवर जो दाब येतो, त्यासाठी त्यात वेगळे औषध लागते. यंत्र सपाट ठेवून पातळीच्या भोकापर्यंतच भरा. जास्त भरले तर ते तापून फुगते आणि चांगले सीलही बाहेर ढकलते. प्लगखालची तांब्याची चकती चेपली असेल तर नवी घाला. बाजूच्या लहान पेटीचे तेलही असेच पाहा. ती हमखास विसरली जाते आणि चिखलात सगळ्यात खोल तीच बुडते.

अंबडच्या कारखान्यांत कामाला जाणारी आपली मुले सांगतील, तिथे यंत्राला तेल बदलल्याचे कार्ड टांगलेले असते. तुम्ही रंगाने पत्र्यावरच तारीख लिहून टाका. यंत्र भाड्याने जाते तेव्हा ती तारीख फार उपयोगी पडते.

राहिले जुने तेल. ते विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. जनावरांच्या खरजेवर लावायची जुनी सवय आहे, तीही सोडा. कातडी भाजते आणि जनावर ते चाटते. खरजेला जनावरांच्या दवाखान्यात औषध मिळते. तेल डब्यात साठवा आणि जळके तेल गोळा करणाऱ्या गॅरेजवर द्या.