अब्रू घराची आणि आजार मुलाचा
(एका पालक मेळाव्यात निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



व्यसनी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गुत्त्याबाहेर पडलेला माणूस येतो. इयत्ता नववीतला, नीटनेटक्या गणवेशातला, तिन्हीसांजेला देवापुढे हात जोडणारा मुलगा येत नाही. ‘आमच्या घरात असले काही होणे नाही’ ही आपली समजूत. माझीही होती. तीस वर्षे शिकविण्याचा अनुभव गाठीशी असूनही माझ्याच वर्गातील एका मुलाच्या रुमालाला येणारा उग्र वास मला उमगला नाही. त्याला दर आठवड्याला व्हाइटनरची बाटली लागे. आई बिचारी शालेय साहित्य समजून पैसे देत असे.

हा एकट्या मुलाचा प्रश्न नव्हे. केंद्र सरकारने दिल्लीच्या ‘एम्स’मार्फत करविलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार हुंगण्याच्या पदार्थांचे सेवन प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आढळले. मुलांमधील प्रमाण मोठ्यांहून अधिक असलेला नशेचा हा एकच प्रकार. तो स्वस्त आहे, दप्तरात सहज मावतो, आणि पहिल्याच वेळी हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो.

मुलगा बिघडला, असे आपण म्हणतो. वैद्यकशास्त्र त्याला आजार म्हणते. मोह आवरणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पक्व व्हायला वयाची पंचविशी उजाडते. सुखाची ओढ लावणारी यंत्रणा मात्र पौगंडावस्थेतच जोरात धावू लागते. नशेचा पदार्थ या यंत्रणेत डोपामिनचा पूर आणतो. पुढे पुढे तेवढ्या मात्रेने भागत नाही; आणि मग आनंदासाठी नव्हे, तर न घेतल्याने होणारी तगमग टाळण्यासाठी तो घेऊ लागतो. अशा वेळी शपथा घालणे व्यर्थ आहे. शपथ घेताना तो खोटे बोलत नसतो. ती निभावण्याचे बळच आजाराने हिरावलेले असते.

त्या मुलाचे वडील माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना काय सांगितले? ‘घरातच आवरा. बाहेर बोलू नका. धाकट्या बहिणीच्या लग्नाचा उद्या प्रश्न येईल.’ मी हे सद्भावनेने सांगितले, याचेच आज अधिक वाईट वाटते. त्या सल्ल्याने मुलाचे आठ महिने वाया गेले. गुण घसरले, घरातली भांडी विकली गेली, वडिलांचा हात उठू लागला. मुलगा रुमालाकडून गांजाकडे गेला.

या महाराष्ट्रात मार्ग नव्हता असे नाही. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी साहाय्य देऊ केले, आणि १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. त्याची धुरा वाहिली डॉ. अनिता अवचट यांनी. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तिथे पुढे इतरांना हात देऊ लागली. ज्याने ती तगमग सोसली, त्याच्यापुढे लपवाछपवी चालत नाही; शिवाय अपमानाचे भयही उरत नाही. आमच्यासारख्या उपदेशकांना हे साधत नाही, हे कबूल केले पाहिजे.

अखेर त्या घराने मानसोपचारतज्ज्ञाकडे धाव घेतली. औषधे, समुपदेशन, आई-वडिलांसाठीही बैठका. या बैठकांना वडील प्रथम येईनात. ‘आजारी तो आहे, मी नव्हे’ हा त्यांचा युक्तिवाद. मुलगा चार महिने नीट राहिला आणि एका क्रिकेटच्या सामन्यानंतर पुन्हा घसरला. ‘सगळे फुकट गेले’ म्हणत वडिलांनी त्याचे कपडे दारात टाकले. डॉक्टरांनी त्यांना शांतपणे विचारले, ‘मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली, तर तुम्ही त्याला घराबाहेर काढता का?’ पुनःपतन या आजारात अनेकदा होते. मात्र त्यानंतर मुलगा उपचाराकडे किती लवकर परततो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. आणि दार बंद असेल, तर तो परतणार कुठे? त्या रात्री आईने कपडे उचलून आत आणले.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार मुलाला दारू, अमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शाळेजवळच्या टपरीवाल्याला हे ठाऊक आहे की नाही, ते तुम्ही चौघांनी मिळून विचारा. एकटे जाऊ नका. आणि घरात शंका आली, तर १४४४६ ही केंद्र सरकारची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

तो मुलगा आज मोटारदुरुस्ती करतो. परवा माझी स्कूटर त्याच्याकडे नेली. किती वर्षे झाली सोडून, असे विचारले. हात पुसत म्हणाला, ‘सर, आजचा दिवस गेला की सांगतो.’ मग बाबांना बैठकीला सोडायचे आहे म्हणून त्याने दुकान लवकर बंद केले. वडील आता तिथे नव्या पालकांशी बोलतात.