तीन क्रूस आणि ओवी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गुढियारी येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी आम्ही क्रूसारोहणाच्या एका चित्राविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु धर्मप्रतीके परमुलखात आणि परभाषेत कशी तग धरतात, हा प्रश्न छत्तीसगढात संसार मांडलेल्या आपणा मराठी जनांचाही आहे.

युरोपातील बरोक काळाचा थोर डच चित्रकार रेम्ब्रांट याने १६५३ साली ‘तीन क्रूस’ हे मुद्राचित्र सिद्ध केले. मध्यभागी येशू, दोहों बाजूंस दोन चोर. वरून प्रकाशाचा झोत कोसळतो आहे आणि भोवती अंधार दाटतो आहे. त्या दिवशी भर मध्यान्ही तीन तास अंधार पडला, असे शुभवर्तमान सांगते. हा अंधार म्हणजे सृष्टीचा शोक, आणि प्रकाश म्हणजे ईश्वरी कृपा. क्रूसापाशी गुडघे टेकणारा रोमन शताधिपती हे परक्यालाही होणाऱ्या साक्षात्काराचे प्रतीक होय.

हे चित्र तांब्याच्या पत्र्यावर टोकदार सळईने ओरखडून काढलेले आहे. ओरखड्याच्या कडेस उठलेली धातूची कोर शाई धरून ठेवते आणि कागदावर मखमली काळिमा उमटवते. मात्र प्रत्येक छपाईगणिक ती कोर झिजते. पुढे रेम्ब्रांटने तोच पत्रा घासून नव्याने कोरला. अनेक आकृती लोपल्या, अंधार गडद झाला. प्रसंग तोच राहिला. अर्थ मात्र अधिक गहन झाला.

या चित्रापूर्वी ३७ वर्षे, १६१६ मध्ये, गोव्यातील रायतूर येथे फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. त्यात येशूचे चरित्र, क्रूसावरील मरणासह, मराठी ओवीत गायिले आहे. ओव्या सुमारे ११,००० असून छपाई रोमन लिपीत झाली. स्वर्गासाठी कवीने ‘वैकुंठ’ हाच शब्द योजिला. परदेशीचे प्रतीक त्याने आपल्या श्रोत्यांच्या बोलीत पुन्हा कोरले, असेच म्हटले पाहिजे.

आपली मुले गुढी उभारतात, आरतीत टाळ धरतात. परंतु त्यांचा अर्थ आपणांस हिंदीत विचारतात. त्यात त्यांचा दोष नाही. पन्नास वर्षांच्या छपाईने पत्रा झिजणारच. झिजला म्हणून तो टाकून द्यावयाचा नसतो. एका इंग्रजाने मराठी ओवी आपलीशी केली. मग ती आपल्याच लेकरांच्या हाती सोपविणे आपणांस जड का व्हावे? अर्थ सांगत राहणे, हेच आपले पुनःकोरीव काम होय.