आकड्यांच्या दोन तारखा

विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख छापले. तेव्हापासून आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर रक्कम ही मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की आडव्या अक्षावरचा तो काळ नेमका कोणता, हे विचारायचे आपण विसरलो. साठवलेल्या प्रत्येक आकड्याला दोन तारखा असतात: एक घटना घडल्याची आणि दुसरी तिची नोंद झाल्याची किंवा ती नोंद बदलल्याची. आपले बहुतेक आलेख पहिली दाखवतात आणि दुसरी गिळून टाकतात. ज्या आकड्यांवर सार्वजनिक निर्णय होतात, त्यांचा दुसऱ्या तारखेवाचून काढलेला आलेख अपुरा असतो आणि कधीकधी अन्यायकारकही, असे माझे म्हणणे आहे.

२००८ च्या शेवटच्या तिमाहीतली अमेरिका पाहा. त्या तिमाहीत अर्थव्यवस्था वार्षिक ३.८ टक्के दराने आकसली, असा पहिला सरकारी अंदाज जानेवारी २००९ मध्ये आला. १७ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ७८७ अब्ज डॉलरच्या मदतीच्या कायद्यावर सही केली. त्याच महिनाअखेरीस तो आकडा ६.२ झाला, मार्चमध्ये ६.३ आणि जुलै २०११ च्या मोठ्या फेरतपासणीत ८.९. तिमाही तीच, नोंद मात्र पुन्हा पुन्हा वेगळी. आज कुणी या काळाचा आलेख काढला तर त्यात एक खोल खड्डा दिसतो आणि बघणारा सहज म्हणतो, एवढ्या खड्ड्यात इतकी तोकडी माती का टाकली? पण सही करणाऱ्याच्या टेबलावर तो खड्डा निम्म्याहूनही उथळ होता. मदत पुरेशी होती की नाही यावर अर्थतज्ज्ञांनी खुशाल भांडावे. मात्र त्या निर्णयाचा न्याय करायचा तर त्या दिवशीचा आकडा समोर हवा, आणि नेहमीच्या आलेखातून नेमका तोच पुसलेला असतो.

आपल्याकडे तर दुरुस्तीत आणखी एक गुंता आहे. २०१३-१४ चा भारतीय अर्थव्यवस्थेचा वाढदर आधी ४.७ टक्के म्हणून जाहीर झाला होता. जानेवारी २०१५ मध्ये २०११-१२ हे नवे आधारवर्ष आणि मोजणीची नवी पद्धत धरून तो ६.९ झाला. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये हीच नवी पद्धत मागच्या वर्षांना लावली, तेव्हा २०१०-११ चा १०.३ टक्के हा मिरवलेला आकडा ८.५ वर उतरला. आता इथे उशिरा हाती आलेल्या माहितीमुळे होणारा बदल वेगळा आणि मोजायची पट्टीच बदलल्यामुळे होणारा बदल वेगळा. दोन्ही एकाच रेषेत ओढले की बाजू घेऊन भांडणाऱ्यांची सोय होते, दुसऱ्या कुणाचीही नाही. पट्टी बदलली तिथे रेषा तुटलेली दिसलीच पाहिजे.

बदलाची नोंद जपणे हे काही परक्या देशातून आणायचे शहाणपण नव्हे. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर आजची स्थिती असते, पण मालकाच्या नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो आणि तो धरून गाव नमुना सहाच्या नोंदवहीत गेले की कोणता हक्क केव्हा आणि कशाने बदलला, हे सापडते. जुने नाव नाहीसे करत नाहीत; पूर्वी त्याला कंस करत, आता त्यावर आडवी रेघ मारतात. ज्या महसूल खात्याला आपण उठता बसता नावे ठेवतो, त्याच्या कागदात जो विचार आहे, तो आपल्या झगमगत्या डॅशबोर्डांवर क्वचितच दिसतो!

दुरुस्त्या दाखवाव्यात यावर पहिला आक्षेप सरळ आहे: सुधारलेला आकडा जास्त बरोबर, मग चुकीचा कशाला दाखवायचा? अर्थव्यवस्थेचे काय झाले, एवढेच विचारायचे असेल तर हे मान्य. पण कोणाला केव्हा काय ठाऊक होते, या प्रश्नाला सुधारलेला आकडाच चुकीचे उत्तर देतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बदल दाखवले की लोक म्हणतील, आकडे शिजवलेले आहेत. ही भीती खोटी नाही. परंतु लपवलेली दुरुस्ती एक दिवस बाहेर येतेच आणि तेव्हा संशय दुप्पट होतो. उलट सगळ्या दुरुस्त्या समोर मांडल्या, तर त्या वर-खाली दोन्हीकडे जातात की सारख्या एकाच बाजूला झुकतात, हे तपासता येते. संशयाला तपासणीचे साधन द्यावे, हेच बरे. बँक ऑफ इंग्लंडने आपल्या पंख्याच्या आकाराच्या आलेखांत भविष्याबरोबर सरलेल्या तिमाह्यांभोवतीही अनिश्चिततेचा पट्टा काढला, तो याच समजुतीने.

तिसरी अडचण कागदाची. दोन काळ आणि एक रक्कम सपाट पानावर कशी बसवायची? प्रत्येक आवृत्तीची रेषा काढली तर शेवयांचा गुंता होतो. हलते चित्र मला पसंत नाही. पुढचे दृश्य येईपर्यंत डोळा मागचे विसरतो आणि तुलना तर तिथेच करायची असते. त्यापेक्षा तक्ता बरा: आडव्या ओळीला जाहीर झाल्याचा महिना, उभ्या स्तंभाला तिमाही. भरत गेले की त्रिकोण होतो. स्तंभात खाली उतरलात तर एका तिमाहीचे बदलते चरित्र दिसते. ओळीत आडवे गेलात तर त्या महिन्यात देशाला आपला भूतकाळ कसा दिसत होता, ते कळते. सेंट लुईस आणि फिलाडेल्फिया इथल्या फेडरल रिझर्व्ह बँका अमेरिकी आकड्यांच्या जुन्या आवृत्त्या यासाठीच जपून ठेवतात आणि खुल्या देतात. आपल्याकडे जानेवारीतल्या पहिल्या आगाऊ अंदाजापासून पुढच्या सुधारित अंदाजांपर्यंत प्रत्येक आकड्याचे प्रसिद्धिपत्रक निघते; म्हणजे त्रिकोण भरायला लागणारा कच्चा माल दर वर्षी सरकार स्वतःच छापते.