पाडेलीची क्वार्टर आणि आपली मिश्री

मी देवबागहून बोलतेय.

एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर आमचे माड. दीड-दोन महिन्यांनी पाडेली येतो, कमरेला कोयता लावून सरसर वर चढतो. संध्याकाळी आपण त्याला माडामागे ठरलेले पैसे देतो आणि वर ‘क्वार्टरचे’ म्हणून वेगळे. हे पैसे आधी माझ्या सासूबाई देत, मग मी देऊ लागले. त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही.

पावसाच्या तोंडावर एकदा आमचा पाडेली सकाळीच माडाखाली बसून राहिला. हात थरथरत होते. म्हणाला, “वयनी, वायच घेतल्याशिवाय हात थाऱ्यार येणत नाय.” मला वाटलं, कामचुकारपणा. आशाताईंनी समजावलं तेव्हा कळलं. रोज पिणाऱ्याच्या अंगाला दारूची सवय लागते. काही तास मिळाली नाही की हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते. घेतली की थांबतं, म्हणून त्याला ती औषधच वाटते. आणि असा माणूस चाळीस-पन्नास फुटांवर चढतो!

अशा माणसाची दारू घरच्यांनी रागाच्या भरात एकदम बंद करायची नाही, हे मात्र नीट ऐका. फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. मालवणचं ग्रामीण रुग्णालय आहे, ओरोसला सरकारी रुग्णालय आहे. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा नंबर, त्याला पैसे पडत नाहीत.

हे सगळं मी बचत गटाच्या बैठकीत मांडलं. बायका पुरुषांच्या दारूवर भडाभडा बोलल्या. बोलता बोलता मिश्रीची डबी एकीकडून दुसरीकडे फिरत होती. मीही बोट बुडवलं, खोटं कशाला सांगू? आशाताई डबीकडे बघून हसल्या. एक आजी म्हणाली, “गो, मी तंबाखू खंय खातंय? मी दात घासतंय.”

पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. भाजून काळी केली म्हणून तिची नशा जात नाही, हिरड्यांतून ती रक्तात जाते. म्हणून तर सकाळी लावली नाही तर डोकं धरतं. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ साली छापून आला. मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी कमी वजनाची निघाली. पोटुशी सुनेला “मळमळतंय तर लाव वायच” असं आपणच सांगतो ना? तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तोंड पुरतं उघडत नसेल, तर लगेच दाखवा. तंबाखू सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६ वर फोन करा.

बैठकीत ठरलं ते असं. क्वार्टरचे पैसे बंद नाही करायचे, मजुरीतच वाढवायचे, आणि ते क्वार्टरचे म्हणून द्यायचे नाहीत. पैसे त्याच्या बायकोच्या हातात द्यावेत असं दोघी-तिघींचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही. जीव धोक्यात घालून चढतो तो, त्याची मजुरी त्याच्याच हातात पडली पाहिजे. सकाळी आधी पेज वाढायची, आणि वास येत असेल तर त्या दिवशी माडावर चढवायचं नाही, नारळ चार दिवस राहिले तरी चालतील. नारळ विकास मंडळाची पाडेलींसाठी अपघात विम्याची योजना आहे, तिची चौकशी करायचं काम माझ्याकडे आलंय. विम्याच्या अटी वाचून घ्या, नशेत झालेल्या अपघाताचे पैसे सहसा मिळत नाहीत.

आमच्या पाडेलीने पहिल्या दिवशी जास्तीचे पैसे मोजले आणि विचारलं, “ह्ये कसले?” म्हटलं, मजुरीचे. तो काही बोलला नाही, खिशात घालून गेला. त्या संध्याकाळी तो कुठे गेला ते मला माहीत नाही. आशाताईंबरोबर मालवणला जायला मात्र तयार झालाय, येत्या सोमवारी.

माझी मिश्री दिवसातून चारदाची एकदावर आलीय. सकाळची अजून सुटत नाही.