परभणीचें नागरी जीवन आणि हृदयविकार

परभणीकडे विडी ओढणाऱ्या तरुणास घरांतील वडील माणसें दटावतात. परंतु चुन्याशीं मळलेली तंबाखू दाढेखालीं धरणाऱ्यास सहसा कोणी कांहीं म्हणत नाहीं. धूर नाहीं, तेव्हां छातीला भय नाहीं, अशी समजूत सुशिक्षितांतहि आढळते. हृदयविकाराचा विचार या समजुतीपासूनच सुरू करणें योग्य होईल.

हृदय साऱ्या शरीरास रक्त पुरवितें. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूंचें पोषण करणाऱ्या धमन्या अगदीं अरुंद असतात. वर्षानुवर्षें त्यांच्या भिंतींत चरबीचा थर सांचत जातो. एखादे दिवशीं तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते, वाट बंद होते आणि पुढील स्नायू रक्तावांचून मरूं लागतो. झटका क्षणांत येतो. त्याची तयारी मात्र वीस-तीस वर्षें चाललेली असते.

या तयारीचीं कारणें शोधण्यासाठीं डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखालीं ५२ देशांत ‘इंटरहार्ट’ नांवाची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाले. धूम्रपान, रक्तांतील बिघडलेली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरील ताण, फळभाज्यांची उणीव, व्यायामाचा अभाव अशा अवघ्या नऊ गोष्टींत बहुतेक धोका सामावलेला दिसला. २००६ सालीं याच पाहणीनें दाखविलें कीं, नुसती तंबाखू चघळणाऱ्यासहि झटक्याचा धोका दुपटीहून अधिक असतो; ओढणें आणि चघळणें दोन्ही करणाऱ्यास तो चौपट होतो. महाराष्ट्रांत २०१६-१७ सालीं धूम्रपान करणारे प्रौढ शेंकडा चारांहूनहि कमी होते, तर बिनधुराची तंबाखू खाणारे सुमारें चोवीस. आपल्याकडील धोका कोठें दडला आहे, हें यावरून उमगेल.

दुसरें कारण राहणींतील पालट. २०११ च्या जनगणनेंत परभणी शहराची वस्ती तीन लाखांवर गेली. ज्वारीची भाकरी खाऊन रानांत राबणाऱ्याचा मुलगा आतां कचेरींत खुर्चीवर बसतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतहि मोटारसायकल काढतो. श्रम सुटले, तेल-मीठ मात्र सुटलें नाहीं. दक्षिण आशियांत पहिला झटका साधारणतः ५३ व्या वर्षीं येतो, इतरत्र जवळजवळ ५९ व्या. म्हणजे घरचा कर्ता माणूस मुलांचीं शिक्षणें पुरीं होण्याआधींच अंथरुणास खिळतो.

तरीहि सर्वांत मोठा घात होतो तो विलंबानें. छातींत दडपल्यासारखें होतें, कळ हातांत किंवा जबड्यांत जाते, दरदरून घाम फुटतो. आणि घरचे ‘पित्त झालें’ म्हणून सोडा पाजून रात्र काढतात. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत कित्येकदां कळ थोडीच असते. नुसता दम लागतो, मळमळतें. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या सतरा हजार रुग्णांवरील चाचणींत, ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळविणारें स्ट्रेप्टोकायनेझ या दोहोंनीं मिळून मृत्यूंत शेंकडा ४२ घट झाली. असे उपचार जितके लौकर, तितके अधिक गुणकारी. जिंतूर, पालम, गंगाखेड येथील रुग्णास तर वाटेंतच वेळ जातो. त्यानें घरीं घालविलेला तास फारच महाग पडतो.

तंबाखू कोणत्याहि रूपांत वर्ज्य करावी. तिशीनंतर दरवर्षीं रक्तदाब आणि साखर मोजून घ्यावी. रोज अर्धा तास झपझप चालावें. आणि छातींत असें दडपण आलें, तर पित्ताचा निर्णय घरीं न करतां १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पित्तच निघालें, तर एक फेरी फुकट गेली एवढेंच; तें पित्त नसेल, तर त्या फेरीनें एक घर वांचतें.